बंद घराचं मीटर

भाडेकरू गेला, दाराला कुलूप लागलं, म्हणजे आता विजेचं बिल नावापुरतं येणार, असं आपण धरून चालतो. मुंबईतल्या गोराईत माझ्या नणंदेचं रो-हाऊस आहे. ती नाशिकला असते, किल्ल्या माझ्याकडे. तिचा भाडेकरू होळीच्या सुमारास घर सोडून गेला आणि पुढच्या पूर्ण महिन्याचं बिल आलं ते दीडशे युनिटच्या घरातलं. तिचा फोन आला, ‘‘वहिनी, घर बंद आहे ना? मग तिथे राहतंय तरी कोण?’’ राहत कोणीच नव्हतं. वीज मात्र रोज जळत होती. ती कुठे जळते हे शोधताना जे हाती लागलं ते गोराई-चारकोपकडे घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी इथल्या घरांबद्दल. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने गोराई आणि चारकोपला लहान लहान प्लॉट पाडून दिले. लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे घर बांधायचं, अशी ती योजना होती. बैठ्या घरावर पुढे एक मजला चढला, काही ठिकाणी दोन. वरचा मजला भाड्याने गेला, त्याला वेगळं मीटर आलं, वेगळी टाकी आली, कोणी स्वतःचा पंप बसवला. घर जसं वाढत गेलं तशी वायर ओढली गेली. त्यामुळे कोणती वायर कुठून कुठे गेली आहे हे पुष्कळदा घरमालकालाही सांगता येत नाही. त्यातून शेजारी खाडी, तिवरं आणि बारमाही खारी हवा. स्विचबोर्डाच्या आतली पितळी पट्टी इथे काळी पडायला वेळ लागत नाही.

वायरमनला घेऊन गेले तेव्हा त्याने घर उघडायच्या आधी मीटरसमोर उभं केलं. ‘‘काकू, हा लाल दिवा बघा.’’ मीटरवरचा बारीक दिवा उघडझाप करत होता. आत मेन स्विच बंद केला, दिवा थांबला. म्हणजे वीज आपल्याच घरात जात होती. मग मेन चालू ठेवून एकेक एमसीबी पाडत गेला. हॉलचा पाडला, फरक नाही. स्वयंपाकघराचा पाडला, थोडा मंदावला, फ्रिज होता. शेवटचा, मागच्या मोरीजवळचा पाडला आणि दिवा जवळजवळ थांबला. तो पंपाचा होता. मागे गेलो तर अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप हात लावू देणार नाही इतका तापलेला, आणि खालच्या टाकीत पाणी तळाला.

झालं होतं असं. वरच्या संडासातल्या फ्लशचा वॉशर गेला होता आणि पाण्याची बारीक धार रात्रंदिवस भांड्यात जात होती. वरच्या टाकीची पातळी उतरली की सेन्सर पंप सुरू करायचा. खालच्या टाकीला मात्र सेन्सरच नव्हता. सकाळचं पाणी येऊन जायचं, खालची टाकी काही वेळात रिकामी व्हायची आणि पंप कोरडाच फिरत राहायचा. तापला की आतलं थर्मल कट त्याला थांबवायचं, गार झाला की परत सुरू. असा पंप चालताना साधारण अर्धा किलोवॅट ओढतो. दिवसातून आठ तास धरले तर चार युनिट, महिन्याला १२०. उरलेले फ्रिजने आणि टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सने खाल्ले. एजंटला घर दाखवताना दिवे हवेत म्हणून मेन चालूच ठेवलेला होता. विजेसोबत पाणीही गेलं, आणि ते सोसायटीच्या सामायिक बिलात सगळ्यांच्या माथी बसलं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हा पहिली गोष्ट हीच. भाडेकरू गेला त्याच दिवशी ही एमसीबीची तपासणी करून घ्या. मेन बंद केल्यावरही मीटरचा दिवा लुकलुकत राहिला तर प्रकरण वेगळं आहे. कोणीतरी मीटर आणि मेनच्या मधून वायर घेतली असेल, जिन्याचा दिवा तुमच्या मीटरवर असेल, किंवा वरच्या आणि खालच्या मजल्याच्या वायरींची अदलाबदल झाली असेल. मजले चढवलेल्या घरांत हे होतं. घर भरलेलं असताना ते कधीच सापडत नाही. घर रिकामं असतानाच सापडतं. शोधायची ही संधी वाया घालवू नका. दिवा लुकलुकताना दिसला तर स्वतः हात न घालता वीज कंपनीत लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल.

आता कशाला किती वीज लागते ते पाहू, कारण बंद घरात लोक नेमकी चुकीची गोष्ट बंद करतात. मोबाइलचा चार्जर आठवणीने काढतात आणि एखाद्या खोलीत पंखा चालू राहतो. ७५ वॉटचा जुना पंखा अहोरात्र फिरला तर महिन्याला ५४ युनिट होतात. पावसाळ्यात ‘भिंतींना हवा लागावी’ म्हणून पंखा सोडून जाणारे मी पाहिले आहेत. बंद खोलीत पंखा तीच दमट हवा फिरवतो, तिने भिंत सुकत नाही. साठवणीचा गिझर चालू राहिला तर पाणी कोणी न वापरताही रोज अर्धा-पाऊण युनिट जातो, कारण आतलं पाणी निवतं आणि तो ते परत तापवतो. सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर प्रत्येकी सात-सात युनिट. सीसीटीव्हीचा डीव्हीआर कॅमेऱ्यांसह पंधरा-वीसच्या आसपास. तो ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. माझ्या मते तळमजल्याचं बंद घर असेल तर तेवढा खर्च करावा.

फ्रिज रिकामा करून बंद करा, पण दार लावून घेऊ नका. आतून कोरडा पुसा आणि दारात फडक्याची घडी अडकवून फट ठेवा. नाहीतर महिन्याभरात आत बुरशी धरते आणि तो वास पुढचा भाडेकरू दारातूनच ओळखतो. इन्व्हर्टर असेल तर तो बंद करून महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून घ्यावी आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघावी. वर्षभर तसाच पडला तर वाचलेल्या विजेच्या कित्येक पट पैसे नव्या बॅटरीला जातात.

बिल कसं बनतं हेही समजून घ्यायला हवं. स्थिर आकार शून्य युनिटलाही लागतो, त्यातून सुटका नाही. मग वीज आकार आणि वहन आकार, कधी इंधन समायोजन, आणि घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. दराचे टप्पे शंभर युनिटपर्यंत, मग तीनशे, पाचशे आणि त्यापुढे असे चढत जातात. पहिल्या शंभरातला दर सर्वांत कमी, दुसऱ्या टप्प्यात तो बराच वाढतो. म्हणून बंद घरात एकेका युनिटसाठी जीव काढण्यात अर्थ नाही. वीस युनिटचे दहा केले तर फारसं काही वाचत नाही. शंभर ओलांडले तर मात्र काहीतरी बिघडलं आहे असं समजून त्याच आठवड्यात घर उघडा.

थ्री-फेज जोडणीला स्थिर आकार जास्त पडतो. दोन-तीन एसी होते म्हणून घेतलेली थ्री-फेज आता नुसती पडून असेल, आणि पुढच्या भाडेकरूलाही एवढा भार लागणार नसेल, तर भार कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो. पण चार महिन्यांसाठी हा खटाटोप करू नये. जोडणीच कायमची तोडून टाकावी, असा सल्ला नणंदेला कोणीतरी दिला होता. मी तिला साफ नाही म्हटलं. नवीन जोडणीला पुन्हा कागदपत्रं, पुन्हा अनामत, पुन्हा हेलपाटे, आणि अंधारात घर बघायला कोण येणार? घर मोडकळीला आलेलं असेल किंवा पुनर्विकासाला जाणार असेल तरच तो विचार.

बिल न भरता तसंच ठेवणं तर त्याहून वाईट. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते, आणि ती नोटीस कुलूपबंद दाराला लागली तर वाचणार कोण? इथेच एक बारीक गोष्ट येते. भाडेकरू राहताना बिलाचे मेसेज त्याला जावेत म्हणून खात्याला त्याचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. तो गेला की बिल, नोटीस, सगळं त्याच्याच फोनवर जात राहतं. किल्ली परत घेताना नंबरही बदलून घ्या. परदेशातले मालक ऑटो-पे लावून मोकळे होतात. त्यांनी निदान युनिटच्या आकड्यावर नजर ठेवावी, कारण पैसे आपोआप गेले की वाढलेलं बिल डोळ्यांत भरत नाही. नणंद दर महिन्याला स्वतः भरते, म्हणूनच तिच्या लक्षात आलं. उपनगरांत आता स्मार्ट मीटर बसू लागली आहेत. ती ज्यांच्याकडे आहेत त्यांना वापर ॲपवरही बघता येतो.

भाडेकरूचा हिशेब करताना शेवटच्या बिलावर जाऊ नका. किल्ली घेताना दोघांनी मीटरसमोर उभं राहून रीडिंगचा फोटो काढायचा, त्यात तारीख यावी, आणि शेवटच्या बिलानंतरचे युनिट मोजून अनामतीतून वळते करायचे. अकरा महिन्यांच्या करारातच हे एक वाक्य घालावं. आणखी एक गोष्ट अतिरिक्त सुरक्षा ठेवीची. वर्षभराच्या वापरावरून वीज कंपनी ठेवीचा फेरआढावा घेते. भाडेकरूने रात्रंदिवस एसी चालवला असेल तर ठेवीतला फरक मागणारं बिल तो गेल्यानंतर, बंद घराच्या नावे येऊ शकतं. ती ठेव तुमच्याच खात्यावर राहते आणि तिच्यावर व्याजही मिळतं, तेव्हा ती त्याच्याकडून वसूल करू नये. पण ती येणार हे माहीत असलं की धक्का बसत नाही. रंगारी आणि फरशीवाले काम करताना बरीच वीज वापरतात, त्यांच्याशी दर ठरवतानाच ते बोलून घ्यावं.

आणि रीडिंगचे फोटो दर महिन्याला काढत राहा. २०२० च्या टाळेबंदीत मीटर वाचायला माणसं जाऊ शकत नव्हती, म्हणून आधीच्या महिन्यांच्या सरासरीवर बिलं निघाली. गावी गेलेल्या लोकांच्या बंद घरांनाही ती आली आणि जूनमध्ये केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. प्रत्यक्ष रीडिंग झालं की असा फरक पुढच्या बिलात जुळवला जातो, पण आपल्याजवळ फोटो असला तर बोलणं सोपं जातं.

पाइप गॅसला हेच जास्त लागू पडतं, कारण त्याचं मीटर बहुधा स्वयंपाकघरात असतं. घर बंद म्हणजे वाचन नाही, आणि वाचन नाही म्हणजे अंदाजे बिल. त्यामुळे शेगडीजवळचा आणि मीटरजवळचा असे दोन्ही कॉक बंद करा आणि रीडिंग स्वतः पाठवा.

नणंदेच्या घरी आता खालच्या टाकीतही सेन्सर बसवला आहे, फ्लशचा वॉशर बदलला आहे, आणि पंपाचा एमसीबी वेगळा करून त्यावर पांढऱ्या पट्टीवर ‘पंप’ असं लिहून ठेवलं आहे. एजंटला सांगितलं आहे की घर दाखवून झालं की मेन पाडायचा आणि मीटरचा फोटो मला पाठवायचा. तो सुरुवातीला कुरकुरला, आता न सांगता पाठवतो.