किती घेणार, पैलवान?

राजगड चढायला आलेले लोक आमच्या गुंजवण्यात गाड्या लावतात, चहा घेतात आणि चोरदरवाजाच्या वाटेला लागतात. चैत्रात खोऱ्यातल्या यात्रा सुरू झाल्या की मात्र आम्हा गावकऱ्यांचं लक्ष गडाकडे नसतं, आखाड्याकडे असतं. साखर, मार्गासनी, विंझर, तिकडे भोरपर्यंत हलगी जिथे वाजली तिथे मी बारा-तेरा वर्षं लढलो. पुढे जवळजवळ तेवढीच वर्षं जोडी लावणाऱ्यांत बसलो. डाव शिकवणारे वस्ताद पोरांना मिळतात. इनामाचा पैसा कसा ठरतो आणि कसा वाटला जातो, हे कोणी शिकवत नाही. मला ते जसं कळत गेलं तसं लिहितो.

1. फ्लेक्सवरचा आकडा कोणाचा, ते आधी विचारावं.

माझी पहिली मोठी कुस्ती शेजारच्या तालुक्यातल्या एका गावात होती. फ्लेक्सवर आकडा वाचून मी मनातल्या मनात घराचे पत्रे बदलले. कुस्ती चितपट मारली, फेटा बांधला, लोकांनी खांद्यावर घेतलं. पाकीट उघडलं तर निम्मीच रक्कम. यात्रा कमिटीतले एक आण्णा म्हणाले, "तो आकडा जोडीचा असतो पैलवान, तुझ्या एकट्याचा नव्हे." खोटं ते बोलत नव्हते. ठरवणाऱ्यांना ते ठाऊक होतं, मला नव्हतं.

मोठ्या कुस्तीची रक्कम यात्रेच्या आधीच, फोनवर ठरते. वस्तादांना विचारणा होते, "पैलवान येईल का, किती घेणार?" जिंकला तर इतके, हरला तर इतके, येण्या-जाण्याचा खर्च वेगळा की त्यातच, हे सगळं त्या दोन मिनिटांत उरकतं. ज्याच्या अंगाला माती लागणार, तो बहुतेक वेळा त्या बोलण्यात नसतो. त्याने असायला हवं.

2. इनाम हा वर्गणीचा पैसा आहे.

कमिटीवर बसेपर्यंत मला हे खऱ्या अर्थाने कळलं नव्हतं. कोणी इंद्रायणीचं पोतं विकून पाचशे देतो, कोणी पुण्यात रिक्षा चालवतो आणि दोन हजार पाठवतो, कोणी अकरा रुपये देऊन वहीत नाव लिहायला लावतो. त्यातून मंडप, हलगी आणि रात्रीचा तमाशा भागवायचा. आखाड्याच्या मातीत ताक, तेल, हळद घालायची. उरेल त्यात कुस्त्या. रेवड्यांवर लढणाऱ्या पोरांपासून शेवटच्या मानाच्या जोडीपर्यंत सगळ्यांना त्यातच बसवायचं असतं. म्हणून कमिटी घासाघीस करते तेव्हा पैलवानाने लगेच अपमान मानू नये. पण वर्गणी किती जमली ते आधी सांगणं कमिटीचं काम आहे. कुस्ती झाल्यावर "जमलं नाही हो" म्हणणं मला आजही पटत नाही.

3. बरोबरीचं काय, हे सलामीआधी ठरलं पाहिजे.

सगळी भांडणं इथे होतात. एकदा सांगलीकडच्या एका पैलवानाशी माझी पाऊण तास झुंज चालली. सूर्य डोंगराआड गेला आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. मग कोणीतरी माईकवरून जाहीर केलं की इनामाची रक्कम देवळाच्या कामाला दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला दोघांना एकेक नारळ मिळाला. नसरापूर फाट्यापर्यंत आम्ही एकाच जीपमधून आलो, भाडं त्याने भरलं. त्याच्या खांद्याला सूज होती. देवाला द्यायला माझी ना नव्हती, पण ते पैसे माझ्या हातून जायला हवे होते.

4. ठरवून बरोबरी करू नये. मी केली आहे.

दोन्ही बाजूंचे वस्ताद आधी बोलले होते: वीस मिनिटं धरायचं, कोणी पडायचं नाही, रक्कम निम्मी-निम्मी. मी पट काढला की तो सैल पडायचा, त्याने कब्जा घेतला की मी. रक्कम बरोबर मिळाली, वाटणीवरून एका शब्दाची कुरबूर झाली नाही. बाहेर पडताना एका म्हाताऱ्या बाबांनी मला थांबवलं. "मी अकरा रुपये दिलेत," ते म्हणाले, "आता खरी कुस्ती कधी लागणार?" मला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्यानंतर तसा निरोप आला की मी त्या गावाला जाणंच टाळलं.

5. हरणाऱ्यालाही मोल असतं.

व्यावसायिक बॉक्सिंगवाल्यांकडून घ्यावं असं यात पुष्कळ आहे. 1971 साली न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझर आणि मुहम्मद अली भिडले, तेव्हा दोघांनाही प्रत्येकी 25 लाख डॉलर आधीच कबूल केले होते. अली हरला, तरी त्याचे पैसे कमी झाले नाहीत, कारण लोक जोडी बघायला आले होते. 2015 साली मेवेदर आणि पॅकियाओची लढत झाली, तिची वाटणी साठ-चाळीस अशी आधी ठरली होती. ती लढत जुळायलाच पाच वर्षांहून जास्त काळ गेला होता. आमच्याकडे तुल्यबळ जोड मिळवायला कमिटी जिल्हे पालथे घालते, आणि तोच पैलवान पडला की त्याच्या हातावर एसटीचं भाडं ठेवते. दुसरा नसेल तर पहिला लढेल कोणाशी?

6. वस्तादाचा वाटा.

माझ्या वस्तादांनी कधी रुपया मागितला नाही. मी खुराकाला म्हणून जे दिलं ते त्यांनी तालमीतल्या लहान पोरांच्या दुधात घातलं. पण सगळेच तसे नसतात, आणि आता जोडी जुळवणारे मध्यस्थही वाढलेत. अमेरिकेत नेवाडा राज्यात मॅनेजरला बॉक्सरच्या रकमेतला एक तृतीयांशाहून जास्त वाटा घेता येत नाही. 2000 साली अलीच्या नावाने अख्ख्या अमेरिकेसाठी कायदा झाला. लढतीतून आपल्याला किती मिळतंय, हे प्रवर्तकाने बॉक्सरला सांगणं त्या कायद्याने बंधनकारक केलं. आपल्याकडे असं काही लिहिलेलं नाही. म्हणून पोरांनी निदान विचारायला लाजू नये.

7. गदा घरात शोभते, खुराक रोज लागतो.

खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला ऑलिंपिकसाठी गेले ते वर्गणीवर, आणि त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून दिलेल्या सात हजारांवर. कांस्यपदक घेऊन आले आणि ते घर सोडवण्यासाठी पुन्हा कुस्त्यांच्या मैदानात उतरले. सत्तर वर्षांनी, 2022 साली, साताऱ्यात पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला. त्याला गदा मिळाली, रोख इनाम मिळालं नाही, आणि त्याने ते उघड बोलून दाखवलं. काही लोकांना ते आवडलं नाही. मला फार बरं वाटलं. पुढच्याच वर्षी पुण्यात विजेत्या शिवराज राक्षेला गाडी आणि पाच लाख रुपये रोख मिळाले.

8. पोरींच्या कुस्तीला निम्मं इनाम लावू नये. बदाम तेवढेच लागतात, दूध तेवढंच लागतं.

आता कमिटीवाल्यांना माझं एवढंच मागणं आहे. यंदा फ्लेक्स छापाल तेव्हा मोठ्या आकड्याखाली तीन ओळी छापा: जिंकणाऱ्याला किती, हरणाऱ्याला किती, बरोबरी झाली तर दोघांना किती. आणि पाकीट आखाड्यातच, लोकांसमोर, पैलवानाच्या हातात द्या.