चौकटीतील ठिपके

पाठ्यपुस्तकाच्या पानावर वा दुकानाच्या काउंटरवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट तुम्ही पाहिली असेल. हा क्यूआर कोड. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो १९९४ मध्ये जपानमध्ये तयार झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकांशी जोडला. मोबाइलवर कोड स्कॅन केला, की कविता ऐकू येई, धडा पडद्यावर दिसे. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा जागतिक पुरस्कार मिळाला.

हीच चौकट ठकांच्याही हाती पडली आहे. ‘तुम्हांला पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका,’ असे कोणी म्हणाले, तर तेथेच थांबावे. पिन पैसे देण्यासाठी लागतो. घेण्यासाठी कधीच नाही. तरीही फसवणूक झाली, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. लाजेपोटी गप्प बसणे ठकाच्याच पथ्यावर पडते, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीच ती अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

प्रकल्प : परिसरातील पाच दुकानदारांना भेटा. त्यांच्या कोडवर कोणी दुसराच कोड चिकटवला, तर ते कसे ओळखतील? पैसे देण्यापूर्वी पडद्यावरील नाव किती ग्राहक वाचतात? उत्तरे वहीत नोंदवून अभ्यासकेंद्रात वाचून दाखवा.