यंत्र आणि संघटना

यंत्राने समाज बदलतो, परंतु त्यामागे टिकाऊ संघटना असावी लागते. रायपुरातील बूढापारा वस्तीत माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे व रामराव चिंचोलकर यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. प्रकाशक वामनराव लाखे होते. तिघेही मराठीभाषक. छापखाना उपलब्ध होता, पण पैशाचे पाठबळ अपुरे पडले व १९०२ अखेर मासिक थांबले. पुढे १९१३ मध्ये लाखे यांच्याच पुढाकाराने रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन झाली. अशा बँकेत अनेकांचे भांडवल एकत्र येते व गावच्या सहकारी संस्थांमार्फत शेतकऱ्यास कर्ज मिळते. छापखाना विचार पसरवितो. त्या विचाराला व्यवहारात स्थैर्य देते ती संघटना.