चावी देण्याआधी

पुनर्विकासाच्या सभेत सगळी चर्चा कार्पेट एरियापाशी येऊन थांबते. किती फूट मिळणार, कॉर्पस किती, पार्किंग आहे का. आमच्या म्हाडा वसाहतीतल्या सोसायटीतही तेच झालं. कामावर लक्ष कोण ठेवणार आणि काम थांबलं तर आपल्या हातात काय, असं तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, तर ‘चांगल्या कामात खोडा घालू नका’ म्हणून त्यांनाच गप्प बसवलं. घरं रिकामी झाली, इमारत पडली, सुरुवातीचं भाडं वेळेवर आलं. मग विकासकाचे चेक परत यायला लागले आणि प्लॉटवर गवत वाढलं. पुढे काम सुरू झालं, इमारतही उभी राहिली. पण नवं घर बघायच्या आधीच आमच्यातली काही वडीलधारी माणसं भाड्याच्या खोल्यांतून गेली. ते दुःख भरून येणारं नाही.

म्हणून सांगते, घराची चावी आपल्या हातात आहे तोवरच आपल्या शब्दाला वजन असतं. गोरेगावच्या सिद्धार्थ नगरात, म्हणजे पत्रा चाळीत, 672 कुटुंबांच्या पुनर्वसनाचा करार 2008 साली झाला. विक्रीचे हक्क इतर बिल्डरांकडे गेले, रहिवाशांच्या इमारती अर्धवट राहिल्या आणि भाडंही बंद पडलं. 2018 मध्ये म्हाडाने प्रकल्प आपल्याकडे घेतला आणि काम परत सुरू व्हायला 2022 उजाडलं. करार तिथेही होताच.

सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली शासनाने 4 जुलै 2019 ला काढलेला निर्णय कमिटीतल्या प्रत्येकाने वाचावा. प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी, नोंदणीकृत करार, सभेचं चित्रीकरण, सगळं त्यात आहे. मात्र हे नियम मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत, अशी भूमिका न्यायालयांनी अनेकदा घेतली आहे. त्यामुळे नुसतं ‘79अ प्रमाणे’ लिहून भागत नाही. हवी ती प्रत्येक अट विकासकाशी होणाऱ्या करारात, म्हणजे डीएमध्ये (डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट), स्वतंत्र कलम म्हणून उतरवून घ्या. त्यातही एका अटीवर अडून बसा: आपल्या इमारतीचं काम ठरलेल्या टप्प्यावर पोचल्याशिवाय विक्रीच्या इमारतीचं काम पुढे जाणार नाही. बाकी सगळ्या अटी हिच्या आधारावर उभ्या राहतात, कारण विकासकाचा पैसा विक्रीत असतो आणि तो तिथेच धावतो.

रेरा आहे ना, असं बरेच जण म्हणतात. पण रेराचं संरक्षण मुख्यतः नवीन फ्लॅट घेणाऱ्यांना आहे, जुन्या सभासदांचा आधार त्यांचा करारच. तरीही महारेराच्या साइटवर दर तिमाहीला विकासक जी प्रगती भरतो, ती काढून बघाच. तिथे एक आकडा आणि जागेवर दुसरंच चित्र दिसलं, तर पत्र लिहायला भक्कम आधार मिळतो.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा आम्ही एक साधी फुलस्केप वही घातली. आमच्यातले एक निवृत्त ओव्हरसियर दर शनिवारी साइटवर जायचे. कोणत्या कॉलमचं काँक्रीट कधी झालं, क्यूब टेस्टचा 28 दिवसांचा रिपोर्ट आला का, कामगार किती होते, हे लिहायचे. नुकत्याच ओतलेल्या कॉलमभोवती गुंडाळलेल्या गोणपाटाला ते हात लावून बघत. गोणपाट कोरडं लागलं की पाणी मारलेलं नाही, हे तिथल्या तिथे सुपरवायझरला दाखवत आणि वहीत त्याची सही घेत. फोटो दर वेळी एकाच जागेवरून. कामावर देखरेख करणारा सल्लागार, म्हणजे पीएमसी, असताना हे कशाला, असं विचारणारे होते. पण पीएमसीची फी विकासकाच्या खिशातून जात असेल, तर आपली वही हवीच.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर माणसांचा हिशेब ठेवा, हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. कोण बदलापूरला गेलं, कोण नालासोपाऱ्याला, कुणाचं भाडं थकलंय, कुणाच्या मुलाची शाळा सुटायच्या बेतात आहे, वारसाचा वाद असल्याने कुणाचा करार अडलाय. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या सभासदांना सभेचा निरोपही पोचत नाही, हे मी पाहिलंय. महिन्यातून एकदा त्यांना फोन करायची जबाबदारी नावानिशी वाटून द्या.

आणि नजर कुंपणाच्या बाहेरही जाऊ द्या. एका वसाहतीत चार मजल्यांच्या जागी टॉवर उभे राहतात, पण त्यांच्याखालची ड्रेनेज लाइन जुनीच असते. शेजारच्या सोसायट्यांनी एकत्र बसून पाणी, गटार आणि रस्त्याचं पत्र वॉर्ड ऑफिसला द्यावं, तेही जोता पूर्ण व्हायच्या आत, आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी. शेवटी ताबा. गणपती नव्या घरात बसवायचा म्हणून ओसीशिवाय (भोगवटा प्रमाणपत्राशिवाय) कुणी चावी घेऊ नये. ओसी नसेल तर पाण्याचं बिल चढ्या दराने येतं आणि ते सभासदांनाच भरावं लागतं.