रस्ता बंद केला की कट्टा होतो का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या आवारातला मुख्य रस्ता वाहनांना बंद करून तिथे फरशी, बाकं आणि झाडं लावायचं घाटत आहे. गाड्या गेल्या की माणसं आपोआप येतात का? कुठे हे खरोखर जमलं आहे का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आपोआप येत नाहीत. जमलं आहे ते अमेरिकेतल्या बर्कलीला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात. गंमत म्हणजे फसलेला नमुनाही त्याच चौकाला लागून आहे.

टेलिग्राफ ॲव्हेन्यू हा बर्कली शहराचा रस्ता पूर्वी थेट सेदर गेटपर्यंत जायचा. १९१० सालचं हे कमानदार फाटक म्हणजे विद्यापीठाची वेस. आत राजकीय प्रचाराला मनाई होती, म्हणून भाषणं ठोकायची, पत्रकं वाटायची ती फाटकाबाहेर, शहराच्या रस्त्यावर. पुढे आवार वाढलं, विद्यापीठाने फाटकासमोरचा रस्त्याचा शेवटचा तुकडा ताब्यात घेतला आणि १९६०च्या सुमारास तिथे चौक झाला : स्प्राउल प्लाझा. आखणीत लॉरेन्स हॅलप्रिन या नामांकित भूदृश्यरचनाकाराचा हात होता. छाटून बुटकी ठेवलेली चिनार जातीची झाडं रांगेत लावली, मधे गोल कारंजं केलं. त्या कारंज्यात लुडविग नावाचा एक कुत्रा येऊन ठाण मांडून बसायचा. तो इतका लाडका झाला की १९६१मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने कारंज्याला रीतसर त्याचंच नाव दिलं. आपल्याकडे अशा कारंज्याला कोणाचं नाव लागलं असतं, हे सांगायला नको.

पण चौक भरला तो कारंज्यामुळे नव्हे. विद्यार्थ्यांची वस्ती आणि खाण्यापिण्याची दुकानं दक्षिणेला, वर्ग उत्तरेला. त्यामुळे हजारो जणांना रोज तिथून जावंच लागतं. एका अंगाला विद्यार्थी संघाची इमारत. दुसऱ्या अंगाला प्रशासनाची इमारत, स्प्राउल हॉल, आणि तिच्या रुंद पायऱ्या. पायऱ्यांवर टेकलं की येणारे-जाणारे समोरून दिसतात, आणि माणसाला माणसं बघत बसण्याइतकं दुसरं काही आवडत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना विद्यार्थी संघटना टेबलं मांडून बसतात. जाणारा थांबतो, वाद घालतो, तासाला उशिरा पोहोचतो.

आता शेजारी पाहा. पश्चिमेला चार पायऱ्या उतरलं की खालचा स्प्राउल चौक. जागा ऐसपैस, भोवती नाट्यगृह आणि विद्यार्थ्यांच्याच इमारती, पोटात वाहनतळ. पण तो कोणाच्या वाटेवर नाही. तिथे जायचं तर मुद्दाम उतरून जायला हवं. कार्यक्रम असला की गर्दी, एरवी शुकशुकाट, असं दशकानुदशकं चाललं. शेवटी एक इमारत पाडून, नवी बांधून तो परिसर बदलावा लागला. ते काम २०१५मध्ये पुरं झालं.

तुम्ही न विचारलेला, पण मला जास्त महत्त्वाचा वाटणारा प्रश्न मालकीचा आहे. रस्ता शहराचा होता तेव्हा तिथे बोलायला विद्यापीठाची परवानगी लागत नव्हती. चौक झाल्यावर हद्द बॅन्क्रॉफ्ट रस्त्यापर्यंत सरकली आणि विद्यार्थ्यांची टेबलं तिथल्या २६ फूट रुंदीच्या विटांच्या पट्टीवर गेली. ही पट्टी शहराची, असं सगळेच धरून चालले होते. ती शहराला द्यायचा ठराव १९५९मध्ये झालाही होता. हस्तांतर मात्र राहून गेलं होतं. सप्टेंबर १९६४मध्ये विद्यापीठाने तिथल्या टेबलांवर बंदी घातली. १ ऑक्टोबरला चौकातच नागरी हक्क संघटनेचं टेबल लावून बसलेल्या जॅक वाइनबर्ग यांना पोलिसांनी अटक करून गाडीत घातलं, तर विद्यार्थ्यांनी त्या गाडीभोवतीच बसकण मारली. पादचाऱ्यांच्या चौकात एक मोटार सुमारे ३२ तास अडकून पडली आणि तिच्या टपावरून भाषणं झाली. टपावर चढण्याआधी विद्यार्थी नेते मारिओ सॅव्हिओ यांनी बूट काढले होते. गाडीला ओरखडे पडू नयेत म्हणून. डिसेंबरमध्ये स्प्राउल हॉलमध्ये ठिय्या, जवळपास आठशे जणांना अटक, आणि अखेर प्राध्यापकांच्या सभेने ११५ विरुद्ध ८२४ मतांनी विद्यार्थ्यांची बाजू उचलून धरली. स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांना १९९७पासून सॅव्हिओंचं नाव आहे. अमेरिकेतली ‘फ्री स्पीच मूव्हमेंट’ ती हीच.

पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवतात, तेव्हा तो फुलतो. पण तिथे माणसं मुळातच होती, फक्त त्यांना चालायला जागा मिळते. तुमच्या रस्त्याचं काय? दुपारी साडेबाराला त्यावरून किती विद्यार्थी पायी जातात, हे एकदा उभं राहून मोजा. वसतिगृह, कँटीन आणि ग्रंथालय यांच्या मधली वाट तिथून जात नसेल, तर फरशीवरचा खर्च मला वाया गेलेला वाटतो. वाट जात असेल तर रस्ता खुशाल बंद करा, दिव्यांगांच्या आणि रुग्णवाहिकेच्या वाटेची सोय आधी करून. आणि तिथे टेबल मांडायला, पथनाट्य करायला, नुसतं बसून राहायला कोणाची परवानगी लागेल, हे काम सुरू होण्याआधीच प्राचार्यांकडून लेखी घ्या.