गळाच्या काठीची लांबी

नॉटिंगहॅम, दि. १२ मे

चिरंजीव विनायक यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पावले. वूस्टरला बिऱ्हाड स्थिरस्थावर झाले आणि सेव्हर्न नदी घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे वाचून समाधान वाटले. तरंडा लावून मासे धरण्यासाठी काठी किती फुटांची घ्यावी, आणि दुकानदार १७ फुटी काठीची शिफारस करतो ती मानावी काय, असे तू विचारले आहेस. १५ मार्च ते १५ जून ही येथील नद्यांवरील मनाईची मुदत अद्याप सरावयाची असल्यामुळे तुला विचार करण्यास अवकाश आहे. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

चिपळूणला वाशिष्ठीवर तू ज्या बांबूच्या काठीने गरवीत होतास, तिला रीळ नव्हते; दोरा शेंड्यालाच बांधलेला, म्हणून काठी जितकी लांब तितकी गळाची पोच अधिक, हा हिशेब तेथे खरा होता. येथे पोच रीळ देते. मग लांबीचे प्रयोजन काय, असे विचारशील, तर शेंडा आणि तरंडा यांच्यामधला दोरा आपल्या हुकमतीत ठेवणे, हेच तिचे मुख्य प्रयोजन होय. बाकीचे सर्व लाभ आनुषंगिक.

वाहत्या पाण्याचा वेग सर्व थरांत सारखा नसतो. तळाच्या दगडगोट्यांशी घर्षण होऊन खालचे पाणी मंद चालते व वरचे त्याच्या पुढे धावते. आणि रोच, डेस, चब हे मासे बहुधा खालच्या मंद पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभे असल्यामुळे त्यांच्यापुढे येणारे खाद्यही त्याच मंद गतीने येत असते. तरंडा मोकळा सोडला की तो वरच्या पाण्याबरोबर धावतो, आमिषाला फरफटत नेतो, आणि असे पळते आमिष शहाणा मासा टाळतो. यास्तव तरंडा किंचित रोखून धरावा लागतो, आणि रोखण्यासाठी दोरा पाण्यावर न लोळता शेंड्यापासून सरळ जावा लागतो. तुझ्या आणि तरंड्याच्या मध्ये वेगवान पाण्याचा पट्टा असेल, तर त्यावर पडलेला दोरा कमानीसारखा वाकतो, तरंड्याचे लाल टोक तिरके होऊन काठाकडे ओढले जाते, आणि नेमक्या त्या वेळी मासा लागला तर तुझा झटका ती कमान सरळ करण्यातच खर्ची पडतो. अशा प्रसंगी शेंडा वर करून दोरा अलगद उचलावा व प्रवाहाच्या वरच्या अंगास टाकावा. लांब काठीचा शेंडा उंच आणि काठापासून दूर असल्यामुळे तिला हे सहज साधते, आखूड काठीला कष्टाने साधते. आणि तरंडा दोन काठ्यांच्या अंतरापलीकडे गेल्यावर लांब काठीलाही नीटसे साधत नाही. तेथे फक्त खालच्या टोकाला दोरा ओवलेला वॅग्लर जातीचा तरंडा लावून दोरा पाण्याखाली बुडवावा. त्या कामास १३ फूट पुरे होतात.

दुसरा विचार खोलीचा. दोऱ्यावर पक्का बसवलेला तरंडा काठीच्या लांबीहून एक-दोन फूट कमी खोलीपर्यंतच चालतो. त्याहून खोल पाण्यात मासा ओढीत आणताना तरंडा शेंड्याच्या कडीत येऊन अडतो, आणि मासा मात्र जाळ्याच्या हद्दीबाहेर तडफडत राहतो. तेव्हा एक तर काठी लांब हवी, नाही तर दोऱ्यावर गाठ मारून तिच्याखाली सरकणारा तरंडा लावण्याची तजवीज करावी.

आता तुझ्या दोन नद्या पाहा. वूस्टरच्या खाली सेव्हर्नला मिळणारी टीम अरुंद आहे आणि काठच्या झाडांच्या फांद्या तिच्यावर जागोजाग झुकलेल्या आहेत. तेथे १७ फुटी काठी उभी करावयासही जागा मिळणार नाही, ११ ते १३ फूट योग्य. याउलट शहराजवळची सेव्हर्न नावांच्या वाहतुकीसाठी डिग्लिसच्या बांधाने अडवलेली, रुंद आणि खोल. तेथे १५ फुटी काठीचे चीज होते. मी स्वतः येथे ट्रेंटवर १५ फुटीच वापरतो.

लांबीची किंमतही लक्षात घे. प्रत्येक वाढीव फुटाबरोबर वजन शेंड्याकडे सरकते, वारा अधिक अडतो, आणि दिवस कलता कलता मनगट तक्रार करू लागते. थकलेल्या मनगटाची लांब काठी ताज्या मनगटाच्या आखूड काठीहून वाईट. शिवाय लांब काठी ही तरफ असल्याने माशाचा जोर तुझ्या हातावर वाढून येतो. १९५६ साली केनेट नदीमधून आणून सेव्हर्नमध्ये सोडलेल्या बार्बेलांचा वंश तेथे पुष्कळ फोफावला आहे, आणि असा एखादा गळाला लागला म्हणजे हे तरफेचे गणित तुला पुस्तकावाचून कळेल. आणि एक सक्त ताकीद: कार्बनची काठी विजेची वाहक आहे, आणि तारेला प्रत्यक्ष न टेकताही वीज तिच्यात उडी घेऊ शकते, म्हणून डोक्यावर विजेच्या तारा असलेल्या जागी काठी जोडूही नये.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी नदीवर जा. मनाई मासे धरण्यास आहे, काठावरून चालण्यास नाही. तरंडा कोठून वाहवावयाचा ती वाट काठापासून किती दूर आहे, मध्ये वेगवान पट्टा आहे काय, वर झाडे आहेत काय, हे पाहून टिपून ठेव. मग दुकानात काठीला तुझे रीळ बसवून ती एका हाताने दहा मिनिटे धरून पाहा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. माझे मत विचारशील तर प्रथम १३ फुटी घे. ती टीमवर बहुतेक ठिकाणी चालेल आणि सेव्हर्नच्या काठाजवळच्या पाण्यातही निभावून नेईल. एक हंगाम झाल्यावर, दोरा उचलताना तुझा शेंडा वारंवार तोकडा पडतो असे अनुभवास आले, तर १५ फुटीचा विचार कर. १७ फुटीची निकड तुला इतक्यात भासेल असे वाटत नाही.

सरकारी परवाना काढावयास विसरू नकोस, आणि तो खिशात असला तरी त्या पाण्यातील मासेमारीचा हक्क बहुधा काठाच्या जमीनमालकाकडे किंवा त्याने ज्यांना तो दिला असेल त्या मंडळाकडे असतो, म्हणून त्यांचीही परवानगी घे. टिपण तयार झाले म्हणजे मला पाठव. खरेदीपूर्वी एकदा नजरेखालून घालीन.

सौ. सूनबाईस आशीर्वाद. कळावे,

तुझा काका