पौलाने मागितलेला झगा

बाळ, मंडळीत तुला कुणीतरी सांगितलं म्हणे, की प्रभू सोबत असताना विश्वासणाऱ्याला एकटं वाटूच नये. वाटलं तर विश्वास कमी पडतोय. हे आधी मनातून काढून टाक. असं बोलणाऱ्याने गेथशेमाने बागेतली रात्र नीट वाचलेली नसते. त्या रात्री प्रभूने पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना मुद्दाम जवळ घेतलं, जीव कासावीस झालाय म्हणून सांगितलं, माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवलं. तिघेही झोपले. खुद्द प्रभूला माणसं जवळ हवीशी वाटली. मग रात्रपाळी संपवून तू पुण्यातल्या त्या खोलीवर परततेस आणि खोली खायला उठते, यात अपराध कसला?

एकटेपण लपवू नकोस. देवापासून नको आणि माणसांपासूनही नको. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय काढ आणि शेवटचा भाग सावकाश वाच. पौल बंदीत आहे. देमास त्याला सोडून थेस्सलनीकाला निघून गेलाय. पहिल्या सुनावणीला त्याच्या बाजूने कुणीही उभं राहिलं नाही. प्रभू मात्र पाठीशी उभा राहिला, हे तो ठासून सांगतो. आणि त्याच पत्रात झगा मागतो! त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण, मार्काला बरोबर घे, आणि थंडी सुरू व्हायच्या आधी पोच, असं त्याचं सांगणं आहे. त्याला देव पुरेसा नव्हता का? होता. तरी गारठ्यात अंगावर घ्यायला झगा हवा होता आणि तीमथ्यही हवा होता. विश्वास आणि गरज एकाच पत्रात बसतात, हे मला या अध्यायाने शिकवलं. म्हणून फोनवर ‘बरी आहे’ एवढंच म्हणून ठेवून देत जाऊ नकोस. काय हवंय ते नाव घेऊन माग. आईने दोन दिवस येऊन राहावं, मावशीने रविवारी रात्री फोन करावा, माझी जुनी शाल हवी, जे असेल ते. ‘करमत नाही’ म्हटलंस तर आम्ही इथे नगरला नुसते हळहळत बसू. नेमकं सांगितलंस तर कुणीतरी उठून एसटी पकडेल.

फार खचल्यासारखं वाटेल तेव्हा आधी जेव आणि झोप. मोठमोठे प्रश्न त्यानंतर. हे मी मनचं सांगत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धाकाने पळाला, गड्याला बैरशेब्यात ठेवून एकटाच रानात गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवदूत आला. त्याने ना बोध केला ना कानउघाडणी. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं आणि ऊठ, खा म्हणाला. एलीया जेवला, परत झोपला. देवदूताने त्याला पुन्हा उठवून जेवू घातलं. होरेब डोंगर, ती मंद वाणी, तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत हा निरोप, हे सगळं त्याच्या पुढचं आहे. तू मात्र ड्यूटीवरून येऊन चहाबिस्किटावर भागवतेस आणि पडल्यापडल्या मोबाइल बघत बसतेस. सकाळी येताना पोळीभाजी घेऊन येत जा. जेवणाआधीचे उपकार मोठ्याने मान, म्हणजे दिवसातून एकदा तरी त्या खोलीत तुझा आवाज घुमेल.

प्रार्थनाही तशीच, ओठ हलवून कर. मनातल्या मनात सुरू केलेली प्रार्थना दोन मिनिटांत काळजीच्या वाटेला लागते. शब्द सुचत नसतील तर स्तोत्रसंहितेतून उसने घे, त्यासाठीच ती आहे. तेरावं स्तोत्र सहाच ओव्यांचं, तक्रारीने सुरू होऊन गाण्यावर संपतं. अठ्ठ्याऐंशीवं मात्र अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या दिवशी आशेचे शब्द तोंडातून निघत नाहीत, त्या दिवशी हे वाच. खोटं हसू आणून देवापुढे बसायचं कारण नाही. तेविसावं आणि एकशे एकविसावं दिवसा, मन बरं असताना पाठ करून ठेव. रात्री तीन वाजता ग्रंथ उघडायचं त्राण नसतं. आणि उपासना संगीत तुझ्या बॅगेत आहे ना? त्यातली कवी ना. वा. टिळकांची पदं आपल्या ओवी-अभंगांच्या वळणाची, कणीक मळता मळता म्हणता येतात.

उपासनेचं प्रसारण मोबाइलवर बघतेस, ते ड्यूटी असलेल्या रविवारी ठीक. सुट्टीच्या रविवारी मंदिरात जायचंच. मागच्या बाकावर बसून आशीर्वाद होताच पहिली बाहेर पडू नकोस. थोडं लवकर जा, पाळकीणबाईंना गाठ आणि काम माग. गीतांची पुस्तकं वाटायचं, संडे स्कूलच्या पोरांची हजेरी घ्यायचं, काहीही. काम हातात असलं की एखाद्या रविवारी तू दिसली नाहीस तर चार जण विचारतात. मन कोरडं आहे म्हणून प्रभुभोजन टाळू नकोस. तिथे काही सिद्ध करायचं नसतं, रिकामे हात पुढे करायचे असतात.

हातातलं काम एकटेपणात कशी सोबत करतं, ते पंडिता रमाबाईंकडे बघ. त्यांचं आयुष्य तू शाळेत दोन ओळींत वाचलंस. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, १८८२ साली पती. पदरी तान्ही मनोरमा. जिला वाढवलं ती मनोरमाही १९२१ साली त्यांच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, थकलेल्या, कानांनीही साथ सोडलेली. तरी केडगावला बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी टाकलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटेपर्यंत ते त्यांच्या हातात होतं. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. पती ना. वा. टिळक १९१९ साली गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अकरा अध्यायांवर थांबलेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईने पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. त्यांचं दुःख कामाने मिटलं असं मी म्हणणार नाही. पण गेलेल्या माणसाबरोबरचं बोलणं त्यांना त्या कामात चालू ठेवता आलं, असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं.

इतकं करूनही आठवडेच्या आठवडे झोप नसेल, अन्न जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर त्याच दिवशी मला फोन कर, रात्री कितीही वाजता, आणि डॉक्टरकडे जा. गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. तू स्वतः नर्स आहेस. तापाच्या रुग्णाला तू नुसती प्रार्थना करून घरी पाठवतेस का? पौलाजवळ बंदीतल्या त्या दिवसांत एकटा लूक उरला होता, आणि लूक वैद्य होता.

राहिला नाताळ. या वर्षी रजा मिळणार नाही म्हणालीस. तो दिवस एकटीने काढणं सगळ्यात जड जातं, तेव्हा आजच ठरवून टाक. त्या दिवशी ड्यूटीवर आणखी कोण कोण मुली असतील, घरापासून लांब कोण आहे, त्यांची नावं लिहून काढ. मग त्या कुठल्या का धर्माच्या असेनात. करंज्या, शेव आणि चिवडा मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाठवते. माणसं किती ते कळव, म्हणजे त्या अंदाजाने सारण करता येईल.